म्हैस हरवल्याची सूचना

आमच्या केंद्राच्या भिंतींना आधी अंड्यांचे ट्रे होते,
आवाज घुमू नये म्हणून.
सहा पाचला कापसाचे भाव, मग पोटे गुरुजींचं भजन,
आणि मधेच, बिडीच्या कागदावरून,
वच्छलाबाई वाचायच्या:
"रंग काळा, डावं शिंग मोडकं,
नागोराव डाखोऱ्यांची म्हैस हरवली आहे हो."
त्या "हो"वरून एकदा मीटिंग झाली.

मग पोस्टकार्डांची फर्माईश आली.
एका गाण्याला बेचाळीस नावं,
नावं संपेस्तोवर गाण्याला वेळच नाही.
मग फोन. मग खतवाल्या कंपनीचा तास.
ट्रे निघाले, फोम लागला,
वच्छलाबाई पेन्शनीत गेल्या.

आता सगळं नागपूरहून येतं.
एक पोरगी हसते,
दर वीस मिनिटांनी तेच हसते.
मी बॅटरीत पाणी घालतो.

परवा लिंक तुटली.
लाल दिवा लावून माईकपुढे बसलो,
खोकलो. काही सुचेना.
तेवढ्यात जुना फोन वाजला,
पैनगंगेकडच्या कुठल्याशा गावाहून, म्हातारा आवाज:
"बापा, थे डाखोऱ्याची म्हैस
सापडली काय मंग?"

म्हटलं, इचारून सांगतो.
रेडिओ बंद नोको करू.