शुक्रवारची उपासना, सोहार

तमिळ मंडळी उठली की तीन ते चार हॉल आपला.
एसीखाली बादली, टपटप.
आज वाचन शलमोन पाटोळेकडे,
रिफायनरीत परांची बांधतो तो.

कर्णे वाजले, तट कोसळला.
मग पुरुष, बाया, म्हातारे, गाढवंसुद्धा...
थांबला.
बोट ओळीवर, नखात गंज.

"वाच पुढं," पाळक म्हणाले.
"वाचतो. पण आपला तो, खिळ्यांच्या हातांचा,
तेव्हा कुठं होता?
बाहेर, कर्णेवाल्यांत?"

कुणी बोललं नाही. बादली तेवढी.

"मार्चात परांची पडली, खालचे मी उचलले.
तो आतच असणार, पाळकसाहेब.
कुणाचं तरी पोर कडेवर घेऊन."

दाराशी इथिओपियन मंडळी चपला काढू लागली.
शलमोननं तीच ओळ पुन्हा वाचली,
हळू,
तटाच्या आतून.