झाड क्रमांक सतरा

नकाशात ते तीन मिलिमीटरचं वर्तुळ आहे.
आत १७, शेजारी बारीक अक्षरात : राखणे.
वावळ. घेर दोन मीटर दहा,
छातीच्या उंचीवर टेप धरून मीच मोजलेला.
मुळं नकाशात नसतात.
नकाशा काढणाऱ्याला झाड म्हणजे खांब वाटतो,
जमिनीपाशी सुरू होणारा.

बाणेरच्या साइटवर मी एक कडुनिंब असाच राखला होता.
कुणी कुऱ्हाड लावली नाही, शपथेवर सांगतो.
फक्त बुंध्याशी खडीचा ढीग होता,
मिक्सर धुतल्याचं पाणी रोज त्याच अंगाला उतरायचं,
आणि शेवटी दीड फूट भराव पडला,
कारण लॉन सपाट हवी होती.
माहितीपत्रकात तो हिरवागार छापला.
ताबा दिला त्या दिवशीही हिरवाच होता.
तिसऱ्या उन्हाळ्यात वाळला,
तोवर मी दुसऱ्या नोकरीत.
कागदोपत्री तो अजून जिवंत आहे.

म्हणून एरंडवण्यात, सोसायटीच्या तीन जुन्या इमारती पाडल्यावर,
पहिल्याच सकाळी मी फक्कीचं डबडं घेतलं आणि दोरी.
बुंध्याच्या जाडीच्या बारा पट : आठ मीटर.
पांढरा गोल मारला, भोवती पत्रे ठोकून घेतले.
झेंडेसाहेब गाडीतून उतरले.
"काय कुलथे, आट्यापाट्या खेळायच्यात का?
चार गाड्यांचं पार्किंग गेलं. चार.
झाड ठेवतोय ना आपण?
की त्याचं अंथरूण-पांघरूणही ठेवायचं?"
एका पार्किंगचे किती येतात, मला माहीत होतं.
तो हिशेब मीच करून दिला होता.

साइटवर त्याला कुलथ्यांचं देऊळ म्हणू लागले.
देवळात रोज कायकाय सापडे :
फरश्यांची थप्पी, कुणाची सायकल,
वाळत घातलेली लुंगी, सिमेंटची ओली गोणी.
मी रोज बाहेर काढायचो.
शिव्या द्यायचो, मग चहा सांगायचो.

एका दुपारी दोन वाजता पोकलेन बंद पडलं.
पडलं नव्हतं. शिवपुत्रने बंद केलं होतं.
अफझलपूरचा माणूस, बोलण्यात कानडी हेल,
केबिनमधून तो जेवायलाही उतरत नाही;
तो चरात उकिडवा बसलेला.
मनगटाएवढं मूळ, साल एका जागी सोललेली,
आतून पाझरत होतं.
मी टेप लावला. बुंध्यापासून अकरा मीटर.
माझ्या गोलाच्या तीन मीटर बाहेर.

गोल माझा होता.
झाडाला कुणी विचारलं नव्हतं.

"ओला हाय, साहेब," तो म्हणाला. "पाइप खालनं घेऊ."
यंत्राने जमणारं नव्हतं.
सोजरबाई आणि तिची नणंद पहारी घेऊन उतरल्या,
मुरूम, मग काळा दगड, मग पुन्हा मुरूम,
मुळाखालून हाताने वाट काढली
आणि मुळावर भिजवलेलं गोणपाट टाकलं,
ताप आलेल्याच्या कपाळावर टाकावं तसं.
दीड दिवस गेला.
झेंडेसाहेबांचा फोनवर मेसेज : ?
एवढंच.
मी उत्तरात पाइपाचा फोटो पाठवला.

फाल्गुनात पहिला स्लॅब पडला
आणि वावळाच्या चकत्या सुटल्या,
कागदासारख्या, मधे एक बी,
भिरभिरत थेट ओल्या काँक्रीटवर.
गवंडी वैतागला, थापीने दाबत सुटला.
सोजरबाईने एक सोलली, बी तोंडात टाकलं,
दुसरी मला दिली.
जरा शेंगदाण्यासारखी, जरा कशासारखीच नाही.

आता साइट सोडताना फॉर्म भरायचाय.
झाडाची स्थिती : चांगली / मृत. एकावर खूण करा.
झाड उत्तर द्यायला तीन उन्हाळे घेतं,
फॉर्म उद्या संध्याकाळपर्यंत हवाय.
दोन्ही चौकोन कोरे ठेवलेत.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय : येऊन बघणे.
खाली फोन नंबर.
ऑफिसचा नाही, घरचा.