डावी बाही

दादरला लोकरीच्या दुकानात मालकाने विचारलं,
"कुठे, मनाली का?"
म्हटलं, "चिंचपोकळी.
मंगळवार, गुरुवार, शनिवार. दुपारची पाळी."
तो हसला नाही. मोरपंखी रंगाचे सहा गोळे काढले,
दहा नंबरच्या सुया,
आणि सुटे नव्हते म्हणून वर एक क्रोशाची सुई.
"सुटलेला टाका उचलायला. लागेल तुम्हाला."

बत्तीस वर्षं गोदीत फिटर होतो.
मिलीमीटरचा शंभरावा भाग अंगठ्याला कळायचा.
आणि ही लोकर!
दाबली तर दबते, ओढली तर ताणते,
मापाची हिला काही लाजच नाही.

शालन मशीनला जोडलेली.
रक्त बाहेर फिरून येतं ते गार होऊन येतं,
वर छताला एसी. एप्रिलमध्ये हिचे दात वाजतात.
विणणारी खरं तर तीच,
पण डावा हात चार तास हलवायचा नाही,
त्यात दोन सुया आहेत, त्याही दहा नंबरच्या वाटाव्यात अशा.
म्हणून उजव्या हाताने हवेत मला दाखवते:
"आत घाला. धागा फिरवा. ओढा. सोडा.
अहो, ते नाही सोडायचं!"

पहिल्या आठवड्यात साठ टाक्यांचे त्र्याहत्तर झाले.
"पगार कधी असा वाढला नाही तुमचा,"
म्हणाली, आणि उसवायला लावलं.
मांडीवर ढीग, शेवयांसारखा वळलेला.
मशीनच्या नळ्यांकडे बघत बसली मग.
"एकीतून जातं, दुसरीतून येतं.
हिला बरं जमतं, एक सुलट एक उलट."

शेजारच्या खुर्चीवर मेंडोन्सा.
रोज विचारायचे, "पुढचा नंबर माझा ना?
मला करडा. बिनबाह्यांचा चालेल."
एका शनिवारी त्यांच्या खुर्चीवर नवी चादर होती
आणि एक पोरगा, कानात गाणी.
कुणी काही बोललं नाही.
त्या दिवशी मी एकवीस ओळी विणल्या.
एकही टाका सुटला नाही.

पाठ झाली, पुढा झाला (पाठीपेक्षा चार बोटं आखूड),
उजवी बाही झाली.
डावी सुरू केली तशी लिसी सिस्टर थबकली.
"काका, ही बंद शिवू नका. टोचू कुठे मी?"
म्हणजे मनगटापासून वर उघडी हवी, बटणांची.
म्हणजे काजी.
काजी म्हणजे जाणूनबुजून भोक पाडायचं,
आणि आतापर्यंत मी ती फुकट पाडत होतो.
घरून व्हर्निअर आणला. शालन कपाळाला हात लावून बसली.
बटणं माझ्या जुन्या बॉयलर सूटची, पितळी.
सहा मिळाली. सातवं गोदीतच कुठेतरी पडलं असणार,
एखाद्या जहाजाबरोबर गेलं असेल.

घालताना डोकं गळ्यात अडकलं.
आतून आवाज आला,
"अंधार मात्र छान विणलाय."

आता परतीच्या बसमध्ये लोक बघतात.
घामाने डबडबलेले लोक,
आणि खिडकीशी मोरपंखी स्वेटरमधली बाई.
काढायला तयार नाही. राणीबाग येईपर्यंत तरी नाही.
मनगटाशी, सातवं बटण नाही तिथे
एक फट राहिली आहे, दोन बोटं जातील एवढी.
पट्टीच्या जरा वर मी ती आत सरकवतो.
कातडीखाली शीर घरघरते,
बारीक, सलग, चालू पंपासारखी.
"काय म्हणतंय?" ती विचारते, बाहेर बघत.
"बेअरिंग ठीक आहे," मी सांगतो,
आणि बोटं तिथेच ठेवतो.