पाव तास

तीन महिने, वजा एक दिवस.
मेरेरिड प्यू आलेल्या माणसाला
आधी चहा विचारत नाही, तारीख विचारते.
काढलं कधी?
आणि बोटांवर मोजते, कॅलेंडर समोर असून.
मुदत टळली की खऱ्यालाही
बाहेरच्या बाकावर बसावं लागतं.

स्वान्सीत, चिप्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
फायलींना व्हिनेगरचा वास.
माझं काम पानांवर आकडे घालायचं:
एक ते चारशे बारा, खाली उजवीकडे,
न्यायाधीशाचा अंगठा पडतो तिथे.

तिची सनद भिंतीवर आहे, जराशी तिरकी.
त्याआधीची अकरा वर्षं भिंतीवर नाहीत.
पावाच्या कारखान्यात पगारपत्रकं,
संध्याकाळी कायदा, बसमध्ये झोप.
म्हणून पगाराची चिठ्ठी ती हातासारखी वाचते.
इथे कापलं. इथे फिरवलं.
इथे सुट्टीचे पैसे गिळले, ढेकरही दिला नाही.

मार्चमध्ये बोझेना व्रोना आली
त्याच कारखान्यातून. पाटी नवी, भट्ट्या जुन्या.
कणकेच्या यंत्रावर नऊ वर्षं, मनगटाला पट्टा.
दोन मिनिटं उशीर झाला की पाव तास कापायचे.
तिने विचारलं, लेखी विचारलं,
आणि पुढच्या शुक्रवारी लॉकरला तिची किल्ली लागेना.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
बोझेनाकडे शहाणपण होतं की नाही, माहीत नाही;
वही होती.
कापलेला एकेक पाव तास, निळ्या शाईत.

समोरच्या वकिलांनी दोन खोकी धाडली.
पान एकशे त्रेचाळीस: जुनं परिपत्रक,
तारीख नाही.
‘दोन मिनिटांपुढे उशीर, पाव तास वजा.’
खाली, तयार करणाराची आद्याक्षरं,
एम. पी.
मी शिक्का उचलला, तो हातातच राहिला.

ती मागून आली. वाचलं.
खालून तेलाची चरचर येत होती.
मी म्हटलं, अक्षरं पुसट आहेत तशी.
म्हणाली, आकडा घाल.
मग बऱ्याच वेळाने, खिडकीकडे बघत,
साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं.
आणि हसली, वाईट हसली:
हेच वाक्य किती जणांच्या तोंडून काढलंय मी,
आणि मग त्यांना सोडलेलं नाही.

बोझेनाला बोलावलं. या वेळी आधी चहा.
सगळं सांगितलं: पान, अक्षरं,
आता मला ही केस लढवता येणार नाही.
बोझेनाने वही पहिल्या पानावर उलटली.
हा पहिला. बर्फ पडला होता, बस नव्हती.
तुम्ही काचेपलीकडे होतात. केस लांब होते तेव्हा.
मेरेरिडचा कप बशीवर नीट बसेना.
ठाऊक होतं तुला?
होतं. म्हणून तर आले.
ज्याने कापलं त्याला माहीत असतं
कापड कुठवर होतं.

फाइल कार्डिफला गेली, दुसऱ्या नावाखाली.
साक्षीदारांच्या यादीत चौथं नाव आता तिचं.
काल रात्रीपासून ती स्वतःचा जबाब लिहितेय,
सगळ्यांना शिकवते तसा:
मी कोण, कुठे होते, काय केलं, केव्हा.
पहिल्या तिन्हींना चार ओळी पुरल्या.

दुकान बंद झालंय. जिन्यात थंड तेलाचा वास.
मी कोट चढवतो तर आतून हाक,
ते परिपत्रक,
जरा आठवून बघ,
नाही, तुला कसं आठवेल.
आणि ती बोटांवर मोजायला लागते.