उभी हयात, आडवी

माझ्या नावेला इंजिन नाही.
वर, पात्राच्या मधोमध, तळात रुतलेला नांगर,
त्याला बांधलेली तार,
तार बुडू नये म्हणून सहा पिवळ्या होड्या,
आणि शेवटाला मी.
सुकाणू जरा तिरकं धरलं
की एल्बे स्वतःच खांदा लावते.
चार मिनिटांत पलीकडे.
एकोणतीस वर्षं, चार-चार मिनिटं.

एप्रिल उजाडला की सायकलवाले येतात,
ड्रेस्डेनहून, प्रागहून, एखादा थेट उगमापासून,
मागच्या चाकाला दोन्हीकडे फुगलेल्या पिशव्या,
नाकाची सालं निघालेली.
पायी येणारे कमी, आणि ते बोलतातही कमी.
बाकावर बसून आधी बूट सोडतात,
स्वतःच्या अंगठ्याकडे बघतात
लग्नात भेटलेल्या दूरच्या नातलगाकडे बघावं तसे.
सगळे विचारतात, समुद्र अजून किती?
मी सांगतो, माझ्याकडे फक्त रुंदीचा हिशेब.
एकशेवीस मीटर. दोन युरो, सायकलीसकट.

वारा खालून येतो, पश्चिमेचा,
म्हणजे समुद्राकडे निघालेल्यांच्या तोंडावर.
शहाण्यानं उलटं यावं.
पण नदी जाते तिकडे उतार असणार,
अशी माणसाची जुनी समजूत.

ते सगळे उभे जातात, नदीसारखे.
मी आडवा.

माझी बहीण इर्महिल्ड खाली राहते,
सायकलीनं तीन दिवस,
टांगरम्युंडेच्या अलीकडे, बांधाला लागून तिसरं घर.
तिच्यासाठी आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी
मी कुणाच्या तरी पिशवीत सरकवतो.
चेहरा बघून देतो. डचांना दिल्या,
एका दातांच्या डॉक्टरला दिली,
नवऱ्याशी भांडून एकटी निघालेल्या बाईला दोन दिल्या.
इर्महिल्ड नाताळच्या कार्डावर आकडा कळवते.
आजवर पाठवल्या एक्कावन्न.
तिच्या मते पोचल्या एकोणचाळीस.
बारा बरण्यांचं काय झालं असेल
याचा विचार करायला हिवाळे पुरतात.

मग तो ऑगस्ट आला.
पाणी इतकं उतरलं की नाव वाळूवर टेकली,
आणि कधीतरी हातातून निसटलेलं
माझं किल्ल्यांचं जुडगं
चिखलात गंजून पडलेलं सापडलं.
त्या कुलपांतलं एकही आता शिल्लक नाही.
गेर्लिंडे म्हणाली, घरात येरझारा घालू नकोस.
माझी सायकल घे.

पहिला दिवस हँडल तिरकंच धरलं गेलं.
बांधावर मेंढ्या, दर कोसाला फाटक,
उघडा, ढकला, लावा.
वाटेतल्या सगळ्या नावा साखळीला.
एका घाटावर टोपीवाला नावाडी बाकावर बसला होता.
त्यानं माझे हात पाहिले. सरकून जागा दिली.
आम्ही अर्धा तास कोरड्या दगडांकडे बघत बसलो
आणि बोलायचं राहूनच गेलं.

सायकलवरून नदी वेगळीच दिसते.
तिला पैलतीर नसतो.
नुसतं पुढे असतं.

इर्महिल्डचे गुडघे गेलेत, हे कार्डावर नव्हतं.
फळीवर रिकाम्या बरण्या, धुऊन उपड्या.
मी मोजल्या. पुन्हा मोजल्या.
एक्कावन्न.
ती कॉफी ओतत राहिली.
म्हणाली, बारा कमी सांगितल्या,
म्हटलं, शोधायला तरी येशील.
मग म्हणाली, गेल्या सालच्या गोडाला जास्त होत्या.

परतताना वारा पाठीवर.
पिशव्यांत बरण्या किणकिणत होत्या,
सगळ्या मावल्या नाहीत.

सप्टेंबरात बोहेमियाकडे पाऊस झाला,
नाव वाळूवरून सुटली.
पहिल्याच फेरीला एक पोरगी,
हेल्मेट कपाळावर घसरलेलं,
समुद्र अजून किती?
म्हटलं, टांगरम्युंडेपर्यंत विचार.
फाटकं चौऱ्याहत्तर.
त्याच्या पुढचं मला माहीत नाही.
आणि ही बरणी जरा सरळ धर.