दोन पुरुष उंच

आजीच्या आईला बानाबावर सतरा झाडं होती.
अकरा माड, पाच केतकी, एक बदाम.
बदामाच्या ढोलीत पोरं गळ लपवायची.
जमीन तेव्हा झाडांवर मोजत.
कंपनीने टनांवर मोजली,
आणि करवंटीतलं खोबरं खरवडावं तसं
खडकाच्या फटीफटीतून फॉस्फेट काढून नेलं.
भाव दिला मातीमोल.
बरोबरच म्हणा, मातीच होती.

मी एकदाच गेलो, आठ दिवस बोटीत ओकत.
जहाजं भरायचा लोखंडी हात
अजून समुद्राकडे पसरलेला, गंजाचे पोपडे धरलेला.
क्रशरच्या पट्ट्यावर कोंबडी खुडूक बसलेली.
पाळीच्या खोलीत फळा, त्यावर खडूने:
उद्या जेवणाच्या सुट्टीत पंप बघणे.

नेई बाउरेंगाने, म्हणजे आजीने, बाटली दिली होती.
बेटाच्या पोटात गुहा, गुहेत गोडं पाणी,
तिथे बायकांनीच उतरायचं.
राखणदाराची पोर तेराबा उतरली,
वर आली ती बाटली रिकामीच घेऊन.
‘डिझेलचा वास मारतोय,’ म्हणाली. ‘म्हातारीला सांगू नकोस.’

मग सतरा झाडांची जागा शोधली.
नुसते प्रवाळाचे सुळके. त्यांच्या टोकांवरून कळतं
जमीन कुठवर होती:
पणजी ज्या वाटेने घरी जायची
ती माझ्या डोक्यावर
दोन पुरुष उंच, हवेत.

आता वायकाटोत मी पहाटे चारला गाई पिळतो,
तीनशे चाळीस.
मालक ब्रेंट, माणूस बरा.
इथे आधी नुसता नेचा माजायचा, सांगत होता,
आजोबांनी बेटावरचं खत टाकलं तेव्हा कुठे गवत धरलं.
कुठल्या बेटावरचं?
संपलं ते, म्हणाला, आणि मशीन चालू केलं.
तेव्हापासून बूट धुताना
गटाराकडे निघालेल्या चिखलाकडे मी बघत राहतो.

आजी जूनमध्ये गेली, राबीवर,
जिथे लढाईनंतर सगळ्यांना आणून सोडलं होतं.
मूठमातीला म्हणून गोठ्यामागची मूठभर उचलली,
त्याच बाटलीत भरली.
नांदीच्या विमानतळावर अडवलं.
परकी माती आत येत नाही, बाई म्हणाली,
आणि फॉर्म पुढे सरकवला:
माती मूळची कुठली?
मागे रांग खोळंबलेली.
पेन टेबलाला दोऱ्याने बांधलेलं.
दोरा पुरेना.