काना

साखर पेठेत खिळे जुळवायचो मी तेव्हा.
येलदीबाई पायरीवर चपला काढून आत यायच्या,
छापखान्यात कोण चपला काढतं?
काखेत बुटाचं खोकं.
खोक्यात बूट नव्हते. शब्द होते,
विडीच्या लेबलांच्या कोऱ्या पाठीवर उतरवलेले.

माग. मग्ग. मग्गम. करगा.
"एका बोळात चार दारं, मल्लेशा, चार नावं.
धागा तुटला की मात्र चारी घरांत शिवी एकच."
ती शिवीही त्यांनी नोंदवली होती,
उच्चारासकट.
मालकांनी छापू दिली नाही.

शिरगणतीच्या वर्षी बाई दत्त नगरात
एका कांडीवालीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या.
मास्तरांच्या कागदावर: मातृभाषा, एकच लिहा.
"ही तेलुगूत रागावते, हिशेब मराठीत करते,
नवस बोलते कन्नडात,
आणि दुकानदाराला नक्को म्हणते, ते कुठं लिहिणार?"
मास्तर गरीब माणूस. म्हणाला,
बाई, रकाना एवढासाच आहे.
तेच तर, बाई म्हणाल्या.

मग एका पहाटे भोंगा झाला नाही.
लोक तरीही उठले, सवयीनं,
डबे घेऊन फाटकाशी आले.
फाटकावर सही-शिक्क्याचा कागद,
स्वच्छ मराठी:
गिरणी बंद पडली आहे.

बाईंनी पिशवीतून लाल खडू काढला.
घोषणा नाही, भाषण नाही.
प च्या पुढं एक उभी रेघ.

गिरणी बंद पाडली आहे.

"आंबा पडतो," वळून म्हणाल्या.
"पाडायला कुणीतरी लागतं.
त्याचं नाव विचारा."
मागं कुणी ते तेलुगूत सांगितलं, कुणी कन्नडात,
शेवटच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर
त्याचा दगड झाला होता.
त्या दगडाबद्दल बाई नंतर कधी बोलल्या नाहीत.

कॉलेजनं चौकशी बसवली.
मजकुरात फेरफार केलात?
शुद्धलेखन केलं.
दोन वर्षं वेतनवाढ बंद.
युनियनवाले हार घेऊन घरी गेले, तर बाईंनी
त्यांचंच पत्रक पुढं ठेवलं:
संपनिधी संपला.
संपला की संपवला?
हार तसाच परत गेला.

त्यांची पुस्तिका मी जुळवली, सोळा पानं.
रात्री पोलीस आले. केस उलटी केली,
सगळी बाराखडी फरशीवर.
हे कुणी जुळवलं?
मी म्हणालो, साहेब, मला वाचता येत नाही.

बावीस वर्षं कंपोझिटर.
मला वाचता येत नाही.

बाईंना कळलंच. रागावल्या नाहीत,
ते जास्त लागलं.
चहा संपवून म्हणाल्या,
"मला येत नाही. बघ,
या वाक्यातूनही कर्ता पळालाय."

त्या रात्री फरशी झाडताना
एक काना फटीत अडकलेला सापडला.
शिशाचा, नखाएवढा.
तो मी केसमध्ये परत टाकला नाही.

बाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली.
कोश ग पर्यंत आला होता.
खोकं माझ्याकडे आहे, माळ्यावर,
लेबलांना अजून तंबाखूचा वास येतो.

परवा नातवानं मोबाईलवर बातमी वाचून दाखवली:
गिरणीची जुनी चाळ कोसळली, तीन जखमी.
आदल्या आठवड्यात तिथं मोजणी झालेली,
टेप घेऊन फिरणारी माणसं मी स्वतः पाहिली होती.

कोसळली.
खिशातला काना काढून बसलोय केव्हाचा,
ह्या शब्दात तो बसत नाही.
क्रियापदच बदललंय त्यांनी, बाई.

माळ्यावरून खोकं उतरवलंय.
क ची गड्डी सोडतोय.